मडमची मराठी

ठाण्यात आगगाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती. रेल्वेच्या इंजिनियरसाहेबाची बायको, कॉलिन्स मडम, त्र्यंबकशास्त्र्यांच्या ओटीवर मराठी शिकायला येई. शास्त्र्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी पाणी दिलं की म्हणे, "मी आपली आभारी आहे." वारा घातला, आभारी. आंब्याची फोड दिली, आभारी.

सगुणाबाई वैतागल्या. "अहो, हिला सांगा ना. घरच्या माणसांचे कुणी आभार मानतं का? दरवेळी मला परकी करून टाकते."

"त्यांची रीत आहे ती," शास्त्री म्हणाले.

भर उन्हाळ्यात मडम बाळंतपणात अडली. डॉक्टर मुंबईहून यायचा होता. सगुणाबाई सोवळंओवळं बाजूला ठेवून बंगल्यावर गेल्या आणि मायलेकी सुखरूप सुटल्यावरच घरी परतल्या.

सव्वा महिन्याने मडम लेकीला घेऊन येणार होती. आदल्या दिवशी शास्त्र्यांनी बंगल्यावर जाऊन तिच्याकडून घोकून घेतलं, 'आपल्या उपकारांतून मी उतराई होऊ शकत नाही.'

मडम ओटीवर आली. तिचे ओठ हलले, पण वाक्य काही बाहेर येईना. मग तिने लेकीला सगुणाबाईंच्या हातात दिलं.

"हिला न्हाऊ घाला. मी जरा पडते."

आणि आत जाऊन चटईवर खुशाल आडवी झाली.

शास्त्री ओशाळले. "इतकं घोकून घेतलं होतं मी. आभाराचा एक शब्द नाही."

बाळाला खांद्याशी धरून सगुणाबाई पाणी तापवायला निघाल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले.

"आता आली हिला मराठी."