वाडीचं उत्पन्न

अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या फ्लॅटमध्ये मृणालिनी भारतातलं इन्कम टॅक्स रिटर्न भरायला बसली होती. सीएने तिच्या नावावरच्या सुपारीच्या वाडीचं उत्पन्न विचारलं होतं. व्यापारी रोख पैसे देतात, पावती कुणीच देत नाही. गावच्या पतपेढीत नोकरी करणारा धाकटा भाऊ रामेश्वर वाडी बघायचा आणि दरवर्षी ऐंशी हजार तिच्या खात्यात टाकायचा.

"साडेतीन हजार दिरहमसुद्धा नाहीत," नवरा म्हणाला. "एवढ्या मोठ्या वाडीचे इतकेच? बाकीचे जातात कुठे, विचार तरी."

तीन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. चौथ्या दिवशी तिने फोन लावला, तर रामेश्वर टाळाटाळ करायला लागला. तिचा आवाज चढला.

"रामा, तू पाठवतोस तो आकडा नकोय मला. वाडीचे खरे किती येतात ते सांग, नाहीतर मी थेट व्यापाऱ्यालाच विचारते."

"तीस हजार, ताई. वरचे माझ्या पगारातले. कमी पाठवले असते, तर तू वाडी विकायला काढली असतीस."