पाकिटावरचा आकडा

"याच्यावर आकडा कुठं छापला हाये?" ताराचंदनं ताट मागं लोटलं.

ताटात भात होता, लाखोळीची डाळ होती, पोपटाच्या शेंगांची भाजी आणि नदीची ताजी मासोळी होती. उषाबाईनं पदराला हात पुसले. "अजी, घरच्या जेवणावर कोणी आकडा छापते का?"

"म्हणूनच मी ते खात नाही."

त्यानं क्रीमच्या बिस्किटांचा पुडा फोडला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पुड्याच्या पाठीवरची कॅलरी वाचून मोबाइलमध्ये टाकली. दिवसाच्या हिशेबात बसत होती. मग त्यानं मिटक्या मारत पुडा संपवला. तासाभरानं भूक लागली तेव्हा वेफर्सचं पाकीट फोडलं. तेही हिशेबात बसवलं.

पवनीत धानाचा व्यापार करून केस पिकलेल्या या माणसाचा विश्वास एकट्या आकड्यावर होता. बायको अडाणी, धान विकणारे कास्तकार लबाड, डॉक्टर लुटारू. आकडा तेवढा खरा.

दिवाळीच्या आधी डॉक्टरनं बजावलं होतं, "शेठ, साखर फार वाढली. संक्रांतीपर्यंत वजन उतरलं नाही तर इन्सुलिन. रोज सुई." सुई म्हणताच ताराचंद खुर्चीतून अर्धा उठला होता. लहानपणी लस टोचणारी बाई गावात आली की तो धान साठवायच्या ढोलीत लपायचा. आता साठी आली, ढोलीत मावत नव्हता, पण भीती तीच होती. डॉक्टर पुढं असंही म्हणाला होता, की कॅलरी मोजा, पण ती कशातून येते तेही पहा. हे दुसरं वाक्य ताराचंदनं दवाखान्यातच सोडून दिलं. फीस घेतली म्हणजे या लोकांना काहीतरी जास्तीचं बोलावंच लागतं!

"दोन पोत्यांचं वजन सारखं असलं तरी तुमी दाणा दाताखाली फोडून पायता," उषाबाई म्हणाली. "पोचट निघाला त पोतं वापस करता. मंग पोटात पोचट काहून भरून राहिले?"

"तुले काय समजते त्यातलं? आठवीत नापास झाली तू."

ती ताट उचलून आत गेली. ताराचंदला वाटलं, जिंकलो.

दिवाळीपासून त्याचं घरात, दुकानात एकच भाषण चालू होतं. "एकदम कमी केलं का आंग बोंबलते. थोडं थोडं कमी करत जा. कोणाले पत्ताच लागत नाही." उषाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. लग्नाच्या वयाला आलेला मुलगा मोनू मात्र मान डोलवायचा. पोरगं समजदार होतं.

यंदा गुडघ्यांमुळे ताराचंद गादीवरच बसे आणि धानाचा काटा मोनू सांभाळे. काटा हा ताराचंदचा अभिमान. ओलाव्याच्या नावानं तो वजन कापायचा, रिकाम्या पोत्यांच्या, बारदान्याच्या नावानं कापायचा, पण काट्याला त्यानं कधी हात लावला नव्हता. लुटायचं तर तोंडावर लुटावं, असा त्याचा खाक्या होता.

"सेठ, घरून मोजून आणलं होतं धान," एक दिवस तुलाराम म्हणाला. कारध्याचा कास्तकार, कधी आवाज न चढवणारा. "अथी कमी काहून भरून राहिलं?"

"रस्त्यात उंदरानं खाल्लं असंल."

दुकानातले हमाल खो खो हसले.

"नाही सेठ, खरंच..."

"अरे, समोर आकडा दिसते ना! आकडा काय माह्या घरचा नोकर हाये का?" ताराचंद तुच्छतेनं हसला. असली माणसं जन्मभर चिखलात राबतात आणि तोंड वर करून हिशेब विचारतात! तुलारामनं काट्यावरची पोती उतरवली आणि मान खाली घालून निघून गेला.

मग ताराचंद स्वतः काट्यावर चढला. दर आठवड्याला चढायचा. यावेळीही वजन उतरलं होतं.

"पाय मोनू! बिस्किटं खाऊन!"

"वा बाबा," मोनू म्हणाला.

पँट मात्र कमरेला आवळत होती. उषाबाई गरम पाण्यात धुते, कापड आखडणारच. दुकानाच्या पायऱ्या चढताना धाप लागे, ती थंडीची. अंगठी बोटातून निघेना, ती साबण लावून काढली आणि पेटीत टाकली.

संक्रांत झाली. ताराचंद ऐटीत दवाखान्यात गेला. डॉक्टरची जिरलेली पाहायला मोनूला सोबत घेतलं. दाराशी बाकावर तुलाराम खोकत बसला होता. ताराचंदनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

डॉक्टरनं त्याला वजनाच्या मशीनवर उभं केलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा उभं केलं.

"शेठ, वजन वाढलंय. दिवाळीपेक्षा बरंच. रिपोर्टमध्ये साखरही वाढली आहे. खाता तरी काय?"

"वाढलं?" ताराचंदचा आवाज बाहेरपर्यंत गेला. "तुमची मशीन खोटी हाये!"

"कालच तपासून घेतली." डॉक्टरनं ड्रॉवरमधून सुई काढली. "आजपासून सुरू करू."

सुई पाहताच ताराचंद मशीनवरून खाली उतरला. तो दाराकडं सरकला आणि तुलारामच्या दंडाला धरून त्यालाच आत ओढलं. "विचारा याले! याचं धान ज्या काट्यावर मोजलं, त्याच्यावरच मी दर आठवड्याले चढतो. माहं वजन उतरलं हाये. माहा काटा खोटा असंल त भर बाजारात जोडे मारा मले! सांग तुलाराम, सांग! मोनू, तू सांग यायले!"

तुलारामनं दंड सोडवून घेतला. तो मोनूकडं पाहत राहिला. डॉक्टरही पाहू लागला.

मोनूनं बापाची बाही ओढली. तो कुजबुजला, पण खोली एवढी लहान होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा, हळू बोला ना. धानाचा सीजन लागला तवापासून काट्यावरचा आकडा मीच उतरवून राहिलो, तुमी म्हणत होते तसा, थोडा थोडा."