सूडाचं गाणं, दुसऱ्यांदा

"बिस! बिस!" थिएटरच्या वरच्या माळ्यावरून 'पुन्हा गा'चा ओरडा सुरू झाला आणि रंगमंचावरच्या बाल्दासारेने पडद्याकडे पाहिलं. ऑपेरातली सूडाची शपथ घेऊन झाली होती, तलवारी खाली आल्या होत्या, आता पडदा पडायला काय हरकत होती? पण इटलीतल्या पार्मा शहराचा माळा तो. आवडलं की पुन्हा गायला लावणार म्हणजे लावणारच, मग गाणारा मेला तरी बेहत्तर.

गाण्याचं तर निमित्तच. समोर गाणाऱ्या आमिल्कारेने एकेकाळी बाल्दासारेची बायको पळवली होती, हे पार्मात पोराटोरांनाही ठाऊक होतं. आता ती बिचारी गेली, दोघे म्हातारे झाले, आणि थिएटरच्या ठेकेदाराने मुद्दाम त्यांना वैरी म्हणून समोरासमोर उभं केलं होतं. बाल्दासारेला राग आणावा लागत नसे. त्या एका रागावर तर तो दिवस ढकलत होता.

राग होता, दम नव्हता. शेवटचा उंच सूर मघाशीच कसाबसा लागला होता. आता फाटला की माळा शिट्ट्या मारणार, आणि इथे शिट्टी म्हणजे चालता हो. उद्या त्याच्या जागी दुसरा गायक.

वाद्यं सुरू झाली. दोघांनी पुन्हा तलवारी उपसल्या, पुन्हा एकमेकांच्या रक्ताची शपथ घेतली. शेवटचा सूर आला. बाल्दासारेने तोंड उघडलं, बाहेर आली ती नुसती हवा.

आमिल्कारेने ते पाहिलं. ज्या टिपेच्या सुरासाठी लोक त्याला ऐकायला येत, तो त्याने सोडून दिला. आवाज खाली उतरवून त्याने बाल्दासारेचा सूर धरला आणि पडदा पडेपर्यंत धरून ठेवला. बाल्दासारे आपला तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

शिट्ट्या झाल्याच. सगळ्या आमिल्कारेच्या नावाने.

पडद्यामागे आमिल्कारे एका पेटाऱ्यावर बसून बूट काढत होता. पाय सुजले होते. बाल्दासारे त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. आभार मानायला जीभ रेटेना, आणि इतकी वर्षं घोकलेली शिवीही तोंडात येईना.

"कशाला केलंस हे?"

"तुझं तोंड बघवेना रे."

बाल्दासारे भिंतीला टेकला.

"आधी बायको नेलीस," तो म्हणाला. "वैर तेवढं उरलं होतं माझ्याकडे. आज तेही नेलंस."

आमिल्कारे पेटाऱ्यावर थोडा सरकून, शेजारी जागा करून बसला.