एका चुलीवरची माणसं

"दोन स्टोव्ह कशाला?" तपासनिसाने ओट्याकडे बोट दाखवलं.

एकावर बोंबलाचं कालवण रटरटत होतं, दुसऱ्यावर विहीणबाईंची मुगाची आमटी. लेक-जावई अपघातात गेले, तेव्हा एकट्या पडलेल्या विहीणबाईंना अनसूयाने आपल्या सरकारी भाड्याच्या खोलीत आणलं होतं. त्या माळकरी. वास चालेल, पण चूल वेगळी हवी, एवढीच त्यांची अट.

"त्या आमच्याच आहेत, साहेब."

"नियमात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. यांची चूल वेगळी, म्हणजे या पोटभाडेकरू. खोली खाली करावी लागेल."

त्याने पेनाचं टोपण काढलं. या वयात दोघींनी जायचं कुठं?

विहीणबाई उठल्या. गळ्यातली माळ त्यांनी पदराआड सारली आणि ताट घेतलं. "एकावर स्वयंपाक उरकत नाही, म्हणून दुसरा. बसा साहेब, मला गोळ्या घ्यायच्यात, जेवून घेते." त्यांनी भातावर बोंबलाचं कालवण ओतलं, कालवलं आणि पहिला घास तोंडात घातला.

तपासनीस 'कुटुंब एक' असं लिहून निघून गेला.

दार लागलं तरी घास विहीणबाईंच्या तोंडातच होता. अनसूयाने घाईघाईने त्यांच्यापुढे रिकामं पातेलं धरलं. "थुंका, विहीणबाई. गेला तो."

विहीणबाईंनी पातेलं बाजूला सारलं. डोळे मिटून घास गिळला.

"मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या, आणि दुसरा स्टोव्ह बंद केला.