सैल पकड

“याची पकड सैल आहे,” ह्ये-रान आलेखावर बोट ठेवून म्हणाली. “नुसता अर्धा वेग गाठायला एवढी साखर ओतावी लागते. टाकते लिहून.”

देजॉनच्या त्या प्रयोगशाळेत, साखर तोडणाऱ्या एका एन्झाइमचा जीव साखरेत किती गुंततो, याचा अंदाज ती महिनाभर बांधत होती. अंदाज बांधायची तिला सवयच जडली होती. नवरा गी-बोम दूर गोजेच्या गोदीत जहाजं जोडायचा. शनिवारच्या बसने यायचा, रविवारच्या बसने जायचा. आला की टेबलावर सुकटीचा डबा आणि पिशवीभर कालवं. मग न्हाणीघरातली फट बुजव, गळका नळ बदल, खिडकीची जाळी ताण. पाठ टेकेपर्यंत निघायची वेळ. ती दारात उभी राहायची, तो वळून बघायचा नाही. एवढ्यावरून तिने हिशोब केला होता. उद्या तो आला की सांगायचं, आपण वेगळे होऊ.

हे ठरवलं गुरुवारी, तेव्हा ‘परवा’ म्हणायचं सोडून मनाने ‘उद्या’च म्हटलं होतं. इतकी ती थकली होती.

“तीन पिढ्यांचं पुण्य लागतं गं, असा शनिवार-रविवारचा नवरा मिळायला,” शेजारच्या टेबलावरून सुक-जाताई म्हणाली. “आमचा बघ. रोज संध्याकाळी सूप मागतो, वर मीठ कमी म्हणतो.”

ह्ये-रान हसली नाही. तेव्हा सुक-जाताई उठून आली, आलेखावर वाकली.

“वेडे, इथे सगळेच फसतात. हे कामाला वाघ आहे. धरलं की तोडलं, तोडलं की सोडलं. सोडायची घाई दिसते, म्हणून माया नाही म्हणशील? काम काढून घे त्याचं. मग पकड बघ.”

काम काढून घेतलेलं एन्झाइम ताईच्या फ्रीजमध्ये तयारच होतं. त्यातला एकच दुवा बदललेला. साखरेला धरता येईल, तोडता यायचं नाही. ह्ये-रानने ते पातळ पडद्याच्या पिशवीत भरलं आणि पिशवी थोडक्या साखरेच्या पाण्यात सोडून थंड खोलीत ठेवली. एन्झाइम पिशवीतच राहणार. साखरेला मात्र आत-बाहेर वाट मोकळी होती. राहायचं नसेल तर निघून जावं, कुणी अडवणार नव्हतं.

शुक्रवारी तिने बाहेरचं पाणी तपासलं. साखर जवळजवळ नव्हतीच. सगळी आत, धरून ठेवलेली.

तिने पुन्हा तपासलं. मग हातमोजे काढून फोन लावला.

“उद्या काही आणू नकोस.”

“अगं, कालवं आत्ताच घेतली.”

“दे कुणाला तरी. हत्यारांची पेटीही नको. काही दुरुस्त करायचं नाही. नुसता ये.”

पलीकडे गोदीतले घण वाजत राहिले.

“ह्ये-रान,” तो हळूच म्हणाला, “नुसता मी आलो, तर पुरेन का गं तुला?”