बॅचच्या मधली रेघ

आमच्या औषध कंपनीकडे आलेल्या तक्रारींचे भाग पाडून संगणक एकेक भाग तपासतो. एका भागात दहा सारख्या तक्रारी सापडल्या की धोक्याचा दिवा लागतो. म्हणून एका बॅचच्या, म्हणजे एकाच वेळी बनवलेल्या औषधाच्या, सगळ्या तक्रारी एकाच भागात ठेवायच्या. फळ्यावरच्या तक्रारींच्या यादीत बाळांच्या खोकल्याच्या औषधाच्या एका बॅचच्या तक्रारी जिथे संपत होत्या तिथे मी रेघ मारली. साहेबांनी बोटाला थुंकी लावून ती पुसली, दातांनी मार्करचं टोपण काढलं आणि नवी रेघ त्या बॅचच्या बरोबर मधून ओढली. “एकही तक्रार पुसायची नाही हं, उगाच पाप नको. सहा बाळं इकडे, सात तिकडे, दिवा गप्प.” मी विचारलं, “साहेब, तुमच्या नातवाला खोकला झाला की हेच देता?” “छे गं, दुसऱ्या कंपनीचं,” ते सहज म्हणाले आणि लाळेने ओलं झालेलं टोपण माझ्या तळहातावर ठेवलं.