डब्यातले शब्द

"ताई, आर यू इन्कन्सोलेबल?" टेम्पोत गादी चढवणाऱ्या मृण्मयीताईला मी विचारलं. फाटकाशी खिदळणाऱ्या मैत्रिणींनीच पैज लावली होती, की भाडेकरू ताईला जाता जाता एवढा अवघड शब्द विचारून दाखव. इन्कन्सोलेबल म्हणजे काही केल्या ज्याची समजूत निघत नाही असा. हा शब्दही तिनंच दिलेला! आई तिला डब्यातून कालवण द्यायची. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि आयटीतल्या ताईला तर धड भातही जमायचा नाही, म्हणून ती डब्यात इंग्रजी शब्दाची चिठ्ठी टाकायची. "आता कागद खायाचा व्हय?" आई हसायची. मी मात्र दिवसभर तो शब्द दिसेल त्याला चिकटवत सुटायचे. हटून बसणारी म्हैस ऑब्स्टिनेट, माझ्या वडलांचा, म्हणजे दादांचा, जुनाट मोबाईल ऑब्सोलीट, आणि मी मॅग्निफिसंट! काय दिवस होते ते! मला पुढं इंग्रजीच शिकायचं होतं, दादांनी सायन्स ठरवलं होतं, आणि त्यांना पटवायचं काम ताईकडे होतं. "येस," ताई डोळे पुसत म्हणाली, "लई इन्कन्सोलेबल." मी विचारलं, "आणि दादांना कोण सांगणार?" "तूच. एवढे शब्द काय नुसते साठवायला दिले होते?" टेम्पो बावधनच्या रस्त्याला लागला. दादा फाटक लावत होते, आई अंगणातच उभी होती. मी मोठ्यांदा म्हणाले, "दादा, आई, अकरावीला मी सायन्स घेणार न्हाई. आर्ट्सच घेणार, इंग्रजी शिकणार हाय."